दारामागची सॅक

४ मार्च, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून चहा झाल्यावर दारामागच्या खुंटीवरची सॅक उतरवली आणि जेवणाच्या टेबलावर पालथी केली. हे होते तेव्हा आम्ही दोघं मिळून करायचो. कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, त्यामुळे घरातही ड्रिल असायचं. आधी बॅटऱ्या बघायच्या, मग औषधांच्या तारखा, मग पाणी बदलायचं. ते गेल्यावर पुष्कळ दिवस मी त्या सॅकला हातच लावला नाही. मग गेल्या वर्षी खाली मीटरच्या खोलीत आग लागली, सगळी इमारत रस्त्यावर आली, आणि समोरच्या वहिनींच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. फक्त रिमोट. घरी परत आल्यावर खूप हसलो, पण दुसऱ्या दिवशी मी सॅक उघडली.

यादी करत नाही. कप्पे पाठ आहेत. वर टॉर्च आणि शिटी. मधे पांघरूण, टॉवेल, माझा एक जोड आणि पिल्लूचं स्वेटर, कारण नात कधी माझ्याकडे असेल सांगता येत नाही. आतल्या चेनमध्ये औषधं आणि कागदांच्या प्रती. बाजूला पाणी, बिस्किटं. ही शिस्त यांची कमी आणि बोर्डिंगच्या सिस्टरची जास्त. दर सोमवारी प्रार्थनेआधी ती आमचे खिसे बघायची. रुमाल, सेफ्टी पिन, पेन्सिलीचा तुकडा. पिन नसली की सिस्टर ओरडायची नाही, नुसती बघायची. अजूनही पर्समध्ये पिन नसली की मला तिचे डोळे दिसतात.

आज टॉर्च जागेवर नव्हता. सगळं घर पाहिलं. माझ्या घरात वस्तू आपणहून हलत नाहीत.

किल्ली फक्त समोरच्या वहिनींकडे आहे.

६ मार्च, मंगळवार

जिन्यात वहिनी भेटल्या. शक्य तितक्या सहज विचारलं.

"वहिनी, माझा टॉर्च चुकून तुमच्याकडे आलाय का?"

"चुकून म्हणजे? तो काय स्वतः चालत येणार?"

"नाही, मी दवाखान्यात गेले होते तेव्हा तुम्ही कुंड्यांना पाणी घालायला आला होतात ना, म्हणून म्हटलं."

"आले, पाणी घातलं, गेले. तुमचा टॉर्च नेऊन मी काय दिवसा उजेड शोधू?"

मोठ्याने हसल्या. जरा जास्तच मोठ्याने हसल्या असं मला वाटलं.

७ मार्च, बुधवार

लेक चिमू आणि पिल्लू आल्या. बुधवार हा त्यांचा दिवस. जावई नेहमीप्रमाणे वरपर्यंत सोडायला आले. दारातच त्यांनी चिमूची पर्स हातात घेतली, चेन उघडून आत पाहिलं आणि परत दिली.

"रुमाल, किल्ली, फोन. बास. आई, पूर्वी हिच्या पर्समध्ये भंगाराचं दुकान असायचं, आठवतं ना? आता रोज संध्याकाळी मी रिकामी करतो आणि लावून देतो."

मला इतकं बरं वाटलं! माझी लेक म्हणजे पहिल्यापासून नुसता पसारा. शाळेत तिच्या दप्तरात अर्धा खाल्लेला पेरू निघायचा. सिस्टर असती तर या माणसाच्या पाठीवर थाप मारली असती. चिमू मात्र खाली बघत होती. मी तिचं दप्तर तपासायचे तेव्हाही अशीच खाली बघायची.

घरातल्या सपाता घालूनच आली होती. "बूट कुठे गं?" म्हटलं, तर जावईच म्हणाले, "गाडीतून यायचं, गाडीतून जायचं. बूट कशाला?"

दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आई दाखव, पिल्लू दाखव, बाहेरची खोली दाखव. थोड्या वेळाने पुन्हा. हे मला दिवसातून एकदासुद्धा फोन करत नसत. काळजी करणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी चिमूला म्हटलं.

"हो," ती म्हणाली. उभ्यानेच जेवली.

८ मार्च, गुरुवार

मनात किडा होता म्हणून पुन्हा सॅक उघडली. पिल्लूचं स्वेटर नाही. तापाच्या गोळ्यांची पट्टी नाही. शिटी नाही.

वहिनींना नात आहे, पिल्लूएवढीच.

संध्याकाळी जाऊन किल्ली परत मागितली. "कुलूप बदलायचंय," मी म्हणाले. त्यांनी खिळ्यावरून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "बदला की. आणि टॉर्च सापडला की मला दाखवा, फोटो काढून ठेवते त्याचा." दार लावलं. या वेळी हसल्या नाहीत.

संशयाचं असंच असतं. एकदा घरात घेतला की बसायला खुर्ची मागतो.

११ मार्च, रविवार

आज बोर्डिंगची युक्ती काढली. तिथे प्रत्येकीच्या कपड्यांवर लाल दोऱ्याने तिचा नंबर भरलेला असायचा, म्हणजे धोब्याकडे घोळ होत नसे. माझा सतरा. मोजे, उशीची खोळ, रुमालसुद्धा सतरा. घरापासून इतकी दूर, रात्री उशीवरच्या त्या आकड्यावरून बोट फिरवत मी झोपायचे. वाटायचं, चला, काहीतरी आपलं आहे.

दुपारभर बसून टॉवेलवर, पांघरुणावर, कागदांच्या कापडी पाकिटावर सतरा भरला. टाके अजून सरळ येतात. सुईत दोरा ओवायला मात्र आता खिडकीशी जावं लागतं.

१४ मार्च, बुधवार

चिमू आज मोकळं बोलली, म्हणजे मला तसं वाटलं. चहा घेताना म्हणाली, "आई, मावशीचा नंबर तुला पाठ आहे?"

"फोनमध्ये आहे की तुझ्या."

"पाठ असावा गं. फोन नसला तर?"

"बघ! इतकी वर्षं मी आणि तुझे बाबा हेच तर सांगत होतो." मी खूश. नंबर सांगितला. तिने दोनदा म्हणून घेतला, पिल्लूकडूनही म्हणून घेतला, गाण्यासारखा. आपल्या घरच्या टेलिफोनचा नंबरही पिल्लूने म्हणून दाखवला.

मग मी आत जरा आडवी झाले. उठले तेव्हा दोघी तयार होऊन दारापाशी उभ्या होत्या आणि चिमू सॅकला टेकली होती. पिल्लूचं दप्तर फुगलेलं दिसलं. "चित्रकलेचं सामान," चिमू म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

त्या गेल्यावर सॅक उघडली. लहान टॉवेल नाही. कापडी पाकीट आहे, पण त्यातल्या चिमूच्या प्रमाणपत्रांच्या आणि पिल्लूच्या जन्मदाखल्याच्या प्रती नाहीत.

किल्ली आता माझ्याशिवाय कोणाकडेच नाही.

१७ मार्च, शनिवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. स्वतःच्या लेकीबद्दल हे लिहायला हात होत नव्हता.

मागितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? सगळी सॅक उचलून दिली असती. चोरून का? आणि टॉर्चची चोरी! तिच्या घरात काय कमी आहे? दिवाणखाना मासिकातल्या फोटोसारखा असतो.

सकाळी जावयांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ.

"आई, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. चिमू हल्ली विसरते, वस्तू इकडच्या तिकडे करते. तुमच्याकडचं काही जातंय का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कोणाशी तरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, हो, बारीकसारीक जातंय. पण काळजी करू नका, मी आता कापडाच्या प्रत्येक वस्तूवर लाल दोऱ्याने सतरा नंबर भरलाय.

"वा!" ते म्हणाले. "फार छान केलंत, आई. तिला मात्र काही बोलू नका. मी बघतो."

मन हलकं झालं. निदान एक तरी माणूस माझ्यासारखा नीट विचार करणारा आहे.

२१ मार्च, बुधवार

आल्या नाहीत. जावयांचा फोन आला, चिमूला ताप आहे.

"द्या ना जरा तिला."

"झोपलीय, आई."

मागून पिल्लूचा आवाज आला, "नाही बाबा, आई जागी आहे, दार वाजवतेय." मग फोन बंद झाला.

पोरांना काय, काहीही बोलतात. पण दार कुठलं? आणि वाजवायचं कशाला?

दिवसभर हेच डोक्यात. मी चिमूवर संशय घेतला, वहिनींवर घेतला. आज कोणावर घेतेय हे लिहवत नाही.

२४ मार्च, शनिवार

जावई आले. न सांगता, एकटेच. खुर्ची ओढून बसले, खिशातून माझा लहान टॉवेल काढला आणि टेबलावर पसरला. कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, लाल सतरा वर येईल अशी.

"तुमचाच ना? पिल्लूच्या दप्तरात तळाशी होता."

"माझाच."

"आणखी काय काय गेलंय? घाई नाही. नीट आठवून सांगा."

मी तोंड उघडलं. कप्पे मला पाठ आहेत, आठवायची गरज नव्हती. मनातल्या मनात वरून सुरुवात केली. टॉर्च, शिटी. स्वेटर. तापाच्या गोळ्या. टॉवेल. तिची प्रमाणपत्रं, पोरीचा जन्मदाखला. आणि मावशीचा पाठ केलेला नंबर.

चोर आवडेल ते नेतो. इथे आवडीचं काहीच गेलं नव्हतं. माझी चांदीची डबी टेबलावरच आहे, तिला धक्काही लागलेला नाही. गेलं होतं ते फक्त दार उघडून पळताना लागतं ते, प्रत्येक वस्तू एकदाच, आणि पुन्हा पुन्हा बघून निवडलेली. ही सॅक आहे. माझी लेक सॅक भरतेय. आग कुठे लागलीय ते माझ्या समोर बसून घडीवरून बोट फिरवत होतं.

आणि त्याच्या हातात काडी मी दिली होती, गेल्या शनिवारी, फोनवरून, खुशीने.

"अहो, गेलंय कुठे," मी म्हणाले. "मीच दिलंय. प्रत्येक घरात एक सॅक हवी म्हणून तिचीही भरून देतेय. तुमच्यासाठी सदरा ठेवायचा होता, माप विचारायचं राहिलं."

"त्या दिवशी तर जातंय म्हणालात."

"वय झालं. स्वतःच दिलेलं विसरले, आणि लेकीवर आळ घेतला. तिला सांगू नका हं."

ते माझ्याकडे बघत राहिले. सिस्टर बघायची तसंच. पण सिस्टरच्या नजरेत मला कधी भीती वाटली नव्हती.

"आई, तुम्ही खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," मी म्हणाले.

मग त्यांनी सॅक बघायला मागितली. एकेक कप्पा उघडला, हात घातला, बंद केला. जाताना म्हणाले, "तुम्ही एकट्या असता. एक किल्ली माझ्याकडे राहू दे."

"वहिनींकडे आहे की, ती पुरे."

एका तासात चार वेळा खोटं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मग गुडघ्याचं कारण काढलं. "बुधवारी चिमूला पाठवा, पडदे काढायचेत. माझ्याच्याने स्टुलावर चढवत नाही."

"बघू," ते म्हणाले. "ताप उतरला तर."

२५ मार्च, रविवार

वहिनींच्या दारात किल्ली घेऊन उभी राहिले.

"काय, टॉर्च सापडला?"

"सापडला. तुम्ही घेतला नव्हता."

"हे सांगायला आलात? ते मला माहीत होतं." पण दार उघडं धरलं. आत बसून सगळं सांगितलं. वहिनींनी उठून दाराला कडी घातली.

मग म्हणाल्या, "मला वाटायचंच. तुमचा जावई लिफ्टमध्ये तिच्या दंडाला धरतो ना, ते मी बघितलंय. सांगणार कोणाला? तुम्ही त्याचं कौतुक करायला लागलात की तुमचा श्वास संपायचा नाही."

आगीनंतर बसवलेला लोखंडी जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून मागच्या गल्लीत उतरतो. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "एवढा खर्च करून लावलाय. कोणी उतरलं नाही अजून."

ही वही आजपासून त्यांच्याकडे राहील. त्यांच्याच टेबलावर बसून लिहितेय.

२८ मार्च, बुधवार

आल्या. जावई वरपर्यंत आले, पर्स तपासली, पिल्लूचं दप्तर तपासलं. "मी खाली गाडीतच आहे. पडदे झाले की आवाज द्या." फाटकासमोरच गाडी लावली. खिडकीतून दिसत होती.

दार लावल्यावर चिमू भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डाव्या हाताचं मनगट सुजलं होतं.

"तुला कळलं," ती म्हणाली.

"उशिरा कळलं. मीच त्याला..."

"माहितेय. त्याने सांगितलं. आई, ते आता नको."

"नको. काय राहिलंय तेवढं सांग."

"बूट," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली. इतकं सगळं जमवलं पोरीने, पण पायांत काय घालणार? सपाता घालून पळता येत नाही, आणि बूट तो कपाटात कुलूप लावून ठेवतो. टॉर्च, गोळ्या, कागद सगळं पिल्लूच्या शाळेतल्या बाईंच्या कपाटात सुरक्षित आहे. फक्त टॉवेल सापडला त्याला.

माझे फिरायला जायचे बूट आणले. जरा सैल होतात. खाली बसून मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. शाळेत जाताना बांधायचे तशा, दुहेरी गाठ. वरून तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

सॅक तिच्या पाठीवर दिली. सगळीच.

"मावशीकडे पोचलीस की..."

"मावशीकडे नाही. सगळ्यांत आधी तो तिथेच जाईल. बाईंनी दुसरी जागा बघितलीय. आई, ती..."

"सांगू नकोस," मी म्हणाले. "मला खोटं नुकतंच यायला लागलंय. फार भार टाकू नकोस त्याच्यावर."

तिचा फोन मी दिवाणावर उशीखाली ठेवला. पिल्लूने विचारलं, "आजी, तू नाही येणार?" मी म्हटलं, "मला पडदे आहेत." चेष्टा वाटून ती हसली.

तेवढ्यात खाली वहिनींचा आवाज चढला. "ओ साहेब! फाटकासमोर गाडी? उद्या आग लागली तर बंब काय तुमच्या डोक्यावरून जाणार? काढा! आधी काढा, मग बोला!" जावयांचा मऊ आवाज, त्यावर पुन्हा वहिनी. अख्खा रस्ता ऐकत होता. इकडे दोघी वहिनींच्या स्वयंपाकघरातून बाल्कनीत गेल्या. लोखंडी पायऱ्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

मी एक पडदा खरंच काढला. मग दुसरा.

उशीखालचा फोन वाजला तो उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तसे ते वर आले. प्रत्येक खोली पाहिली, पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली. उघडलेलं प्रत्येक दार नीट लावत होते.

"कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

हे खरं होतं, म्हणून आवाज अजिबात हलला नाही.

१ एप्रिल, रविवार

ते रोज येतात. चहा घेत नाहीत, नुसते बसतात, टेलिफोनच्या बाजूच्या खुर्चीत. मावशीकडे जाऊन आले. शाळेत जाऊन आले. पोलिसांत गेले नाहीत, हे वहिनींनी मला बोट ठेवून दाखवलं. आपल्याला मात्र जायचंय म्हणाल्या, सोमवारी, दोघींना.

आज सकाळी ते तसेच बसले होते आणि घरचा फोन वाजला. त्यांचा हात पुढे आला, पण मी आधी पोचले. कशी पोचले, या गुडघ्यांनी, मला माहीत नाही.

"आजी," पिल्लू म्हणाली. मागे मोकळ्या मैदानासारखा वारा होता, आणि चिमू "पिल्लू, कोणाला फोन लावलास, ठेव आधी" म्हणत धावत येत होती. धावत. तिचे पाय वाजत होते. "आजी, इथे मला वरची गादी मिळालीय, शिडीवाली."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कोण पाहिजे?" मी म्हणाले. "नाही हो. इथे त्या नावाचं कोणी नाही. किती वेळा सांगायचं? पुन्हा या नंबरवर फोन करू नका, समजलं?"

आवाज मुद्दाम कडक केला. मग पिल्लूचा श्वास ऐकू आला, रडायच्या आधी ती घेते तो. मी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"चुकीचा नंबर. सारखे करतात मेले."

ते थोडा वेळ बसले आणि उठून गेले. दाराला आतून कडी घातली आणि वहिनींकडे येऊन हे लिहितेय. वहिनींनी समोर चहा ठेवलाय, त्यावर साय धरली.

पिल्लूवर मी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. तिला वाटत असेल, आजी आपल्याला विसरली. चिमू समजावेल तिला. नाही समजावलं तरी चालेल. वाटू दे तिला. शिडी चढून वरच्या गादीवर जाऊन रडू दे.